प्रतिसाद: टार्टाकोव्स्कीची चित्रं स्थिर का असतात?

'चित्रं हलतच नाहीत, नुसती काटकसर' हा टीव्हीवरच्या कार्टूनांवरचा आक्षेप ॲनिमेशन दिग्दर्शक गेंडी टार्टाकोव्स्कीच्या बाबतीत मला अर्धाच पटतो. टीव्हीला पैसा आणि वेळ दोन्ही तुटपुंजे, हे खरंच. पण हा माणूस त्या अडचणीचंच भांडवल करतो.

१९७० साली मॉस्कोत जन्म, सात वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत, पुढे कॅलआर्ट्स या कॅलिफोर्नियातल्या कलासंस्थेत शिक्षण. १९९६च्या त्याच्या 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी' या कार्टून मालिकेत डेक्स्टर म्हणजे जवळजवळ एक ठोकळाच! तिथे विनोद उभा राहतो तो टायमिंगवर: लांबलचक थांबा, मग एकदम धडाका.

'समुराई जॅक'मध्ये (२००१) त्याने पात्रांभोवतीची काळी बाह्यरेषाच काढून टाकली. त्यामुळे जॅक पार्श्वभूमीत मुरल्यासारखा दिसतो, आणि स्कॉट विल्सची पार्श्वचित्रं निव्वळ पडदा न राहता प्रसंगाचा भाग होतात. तीन आंधळ्या तिरंदाजांचा भाग आठवा. आवाजाच्या रोखाने बाण सुटतात, म्हणून जॅक डोळ्यांवर पट्टी बांधून ऐकायला शिकतो. पडद्यावर हालचाल जेमतेम, बर्फ पडतोय, आणि आपणही नकळत कान टवकारतो. इथे चित्र जास्त हललं असतं तर सगळं मुसळ केरात.

२०१९च्या 'प्रायमल'मध्ये तर आदिमानव आणि डायनासोर, संवाद जवळपास नाहीतच. त्याचे 'हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया' सिनेमे मात्र उलट टोकाचे, सतत ताणले-दाबले जाणारे चेहरे. मला ते दमवतात, पण स्थिर चित्र ही त्याची मजबुरी नव्हती एवढं त्यावरून नक्की कळतं.