मदत हवी आहे: दुसरीच्या गणिताच्या तासाचं निरीक्षण कसं टिपायचं?

नमस्कार. मी डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक होण्यासाठीची पदविका) दुसऱ्या वर्षाला आहे. आंतरवासितेत नागपुरातल्या एका मराठी शाळेत दुसरीच्या वर्गावर निरीक्षण करते आहे. पट 38, बरीच मुलं घरी हिंदी बोलतात.

अडचण संख्यावाचनाची आहे. बाई 'बावन्न' म्हणाल्या की चार-पाच जण 25 लिहितात. मराठीत एकक आधी ऐकू येतो ना! बाईंनी आगपेटीच्या काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या मांडून 'पन्नास दोन' म्हणवून घेतलं (2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातही ही पद्धत आली होती). एका मुलीने गठ्ठ्यांवर बोट ठेवत मोजलं, पाटीवरचं 25 स्वतःच पुसलं. मला फार आवडलं ते.

पण माझ्या वहीत फक्त 'शैक्षणिक साधनांचा वापर: उत्तम' एवढंच उतरलं. दर पाच मिनिटांनी नोंद करून पाहिली, त्यात मुलांकडे बघणं राहून जातं. बाईंशी तासानंतर बोलते, पण त्यांना जेमतेम दहा मिनिटं असतात. चित्रीकरणाची परवानगी नाही, मधे बोलायचंही नाही.

अनुभवी शिक्षकांना विचारायचंय: 35 मिनिटांत सगळा वर्ग बघावा, की तीन-चारच मुलं निवडून त्यांच्या चुका आणि दुरुस्त्या टिपाव्यात? आणि मुलं निवडायची तर कोणत्या आधारावर?