मदत हवी आहे: तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) एकमेकींना टोचून रक्त काढतायत, आता चोच कापावी का?

राजेहो, जरा सांगा. कळमेश्वरकडे आमच्या शेडमध्ये ३०० तलंगा आहेत, वय १५ आठवडे, गादी पद्धत, खाली भाताचं तूस. पिल्लं आली तेव्हा चोच कापलेली नव्हती. नागपूरचं ऊन तापायला लागलं तसा हा प्रकार सुरू झाला. आधी शेपटीच्या मुळाशी पिसं गेली. आता तिथे रक्ताचा ठिपका दिसला की बाकीच्या तुटूनच पडतात. जखमी पक्षी वेगळे काढून जेन्शन व्हायोलेट लावतोय. जांभळ्या रंगात लाल झाकलं जातं, त्याचा फायदा दिसतोय.

चोच कापायच्या मशीनवाला म्हणतो, सरसकट डिबीकिंग (चोच कापणं) करून टाका. पण ते पहिल्या ७ ते १० दिवसांत करतात ना? आता अंड्यावर यायच्या तोंडावर, एवढ्या उन्हात गरम पात्याने चोच कापली तर खाणं तुटेल, वजन पडेल. मला तरी पटत नाही. केलंच तर फक्त टोक बोथट करून भागेल का? रक्त लवकर गोठावं म्हणून आधी पाण्यातून व्हिटॅमिन के किती दिवस द्यायचं?

माझा संशय दुसरीकडेच आहे. पश्चिमेचं ऊन दुपारी थेट आत येतं, आणि खाद्य घरीच भरडतो. त्यात मिथिओनिन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) किंवा मीठ कमी पडत असेल का? ग्रीन नेट आजच बांधतोय, लसूणघासाच्या जुड्याही टांगल्यात, त्यात थोड्या रमतात.

या वयात कोणी चोच न कापता हे थांबवलंय का? खाद्यात नेमकं काय बदललं?