डेबियनवर सगळं मराठी भलत्याच फॉन्टात दिसतंय, फॉन्टकॉन्फिगला कसं समजावू?

झेरॉक्सवाला_देवगड:
नमस्कार मंडळी. देवगडात माझं झेरॉक्स-डीटीपीचं छोटं दुकान आहे. मशीन जुनं, त्यावर डेबियन लिनक्स आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. कुणकेश्वरच्या जत्रेत सरबताचा स्टॉल लावणाऱ्यांना बोर्ड हवा होता, म्हणून ब्रशच्या फटकाऱ्यांचा एक जाडजूड युनिकोड फॉन्ट उतरवला. बोर्ड झकास झाला. पण तेव्हापासून मशीनवर जिथे म्हणून मराठी, तिथे हाच. फोल्डरांची नावं, ब्राउझरचे टॅब, सगळं. 'लाइट बिल' हे फोल्डरसुद्धा दशावताराच्या पडद्यावर रंगवल्यासारखं दिसतं.

फॉन्ट डिलीट केला तर अक्षरांच्या जागी चौकोन येतात. परत टाकला की परत तोच अवतार. काही वेबसाइटांवर मात्र मराठी व्यवस्थित दिसतं, हे आणखी कोडं. बचत गटाच्या कोकम आगळाची लेबलं द्यायची आहेत, बाटल्या भरून तयार आहेत. कोणीतरी सांगा.

मालवणी_पेंग्विन:
अरे बाबा, तुझो फॉन्ट खंय गेलो नाय, त्याच्या जाग्यार दुसरो येवन बसलो हा. पयला बघ, घरात आणखी कोण आसा काय ता.

खाडीकाठ_वेंगुर्ला:
पेंग्विनभाऊंनी नेमकं सांगितलं. डिलीट केल्यावर चौकोन आले, यातच निदान आहे: मशीनवर देवनागरीचा दुसरा फॉन्टच नाही. वेबसाइटांवर बरं दिसतं ते त्या आपला फॉन्ट स्वतः पाठवतात म्हणून, त्यात तुमच्या मशीनचं कर्तृत्व नाही.

कमांडी उच्चाराप्रमाणे लिहितो, टर्मिनलात इंग्रजीतच टाका. आधी 'एफसी-लिस्ट', जागा सोडून कोलन, लँग, बरोबरचं चिन्ह, एमआर. मराठीची अक्षरं असलेले सगळे फॉन्ट येतील; तुमच्याकडे बहुतेक एकच ओळ दिसेल. मग 'एफसी-मॅच' आणि पुढे अवतरणात सॅन्स-सेरिफ, कोलन, लँग बरोबर एमआर. हे उत्तर महत्त्वाचं. 'साधा फॉन्ट द्या' अशी मागणी एखाद्या प्रोग्रॅमने मराठीसाठी केली तर फॉन्टकॉन्फिग, म्हणजे लिनक्सवर फॉन्ट निवडून देणारी यंत्रणा, कोणाला पुढे करणार, ते इथे कळतं. त्याच्याकडे पसंतीच्या नावांची यादी असते, इटीसी-फॉन्ट्स-कॉन्फ-डी मधल्या फायलींत, आकड्यांच्या क्रमाने वाचली जाणारी. त्या नावांपैकी एकही मशीनवर नसेल तर अक्षरं असलेला जो कोणी सापडेल तो उभा केला जातो. तुमचा जत्रेचा फॉन्ट असा उभा राहिलाय. लोक इथे फॉन्टांवर फॉन्ट टाकत सुटतात आणि गोंधळ वाढवतात. त्याआधी त्यालाच विचारावं, तू कोणाला निवडतोयस.

आता उपाय. अ‍ॅप्टने 'फॉन्ट्स-नोटो-कोअर' बसवा, त्यात नोटो सॅन्स देवनागरी येतो. एवढ्याने एफसी-मॅचचं उत्तर बदललं नाही, तर होम फोल्डरातल्या डॉट-कॉन्फिगमध्ये 'फॉन्टकॉन्फिग' फोल्डर करून त्यात 'फॉन्ट्स डॉट कॉन्फ' ही फाइल लिहा. एक एलियस, म्हणजे एका नावामागे पसंतीच्या फॉन्टांची यादी: फॅमिली सॅन्स-सेरिफ, प्रेफरमध्ये आधी तुमचा इंग्रजीचा फॉन्ट, मग नोटो सॅन्स देवनागरी. हा क्रम उलटा करू नका. देवनागरी फॉन्टाच्या काही आवृत्त्यांत रोमन अक्षरंही असतात, आणि मग सगळ्या मेनूंचं इंग्रजी बदलून बसतं. शेवटी 'एफसी-कॅश', वजा एफव्ही, आणि लॉगआउट-लॉगइन.

ब्रशवाला फॉन्ट राहू द्या, पुढच्या जत्रेला लागेल.

झेरॉक्सवाला_देवगड:
खरंच एकच ओळ आली हो! नोटो बसवला, फाइल लिहिली, आता एफसी-मॅच नोटोच सांगतं आणि फोल्डरं माणसात आली. पण लेबल लिबरऑफिसमध्ये केलं, तर 'शुद्ध' मधला श आणि 'खारवलेलं' मधला ल हिंदी वळणाचे येतात. बचत गटाच्या काकूंनी प्रिंट हातात घेतल्या घेतल्या विचारलं, "हा श कुठला आणलास रे?"

खाडीकाठ_वेंगुर्ला:
काकूंची नजर पक्की आहे. इथे फॉन्टकॉन्फिगचा दोष नाही, त्याने फॉन्ट बरोबर दिलाय. नोटोमध्ये ल आणि श यांची दोन्ही वळणं आहेत. मजकूर मराठी आहे असं प्रोग्रॅमने सांगितलं तरच मराठी वळण येतं, नाहीतर हिंदीचं. मजकूर निवडा, फॉरमॅटमध्ये कॅरेक्टर उघडा. तिथे फॉन्टाचे दोन भाग असतात, पाश्चात्त्य लिपीचा एक आणि कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटचा दुसरा. देवनागरीचं सगळं दुसऱ्या भागात. तिथली भाषा हिंदी असेल, ती मराठी करा. स्टाइलमध्ये आकार वाढवूनही मराठी तेवढंच राहतं अशी तक्रार करणारे बहुतेक पहिल्या भागात आकडे बदलत बसलेले असतात. तो भागच दिसत नसेल तर सेटिंगांत भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा.

जुनी_सीडी:
मधेच विचारतो. माझ्याकडच्या जुन्या लग्नपत्रिकांच्या फायली उघडल्या की नुसतं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं. त्यालाही हाच उपाय?

खाडीकाठ_वेंगुर्ला:
नाही. श्रीलिपी, कृतिदेवच्या जमान्यातल्या फायलींत मुळात इंग्रजी अक्षरांचेच कोड साठवलेले असतात, देवनागरी फक्त फॉन्टाच्या चित्रात असते. फॉन्टकॉन्फिगला त्यात मराठी दिसतच नाही. मूळ फॉन्ट असेल तर तो लावून वाचता येईल, पण कामाचं करायचं असेल तर त्याच फॉन्टासाठीचा कन्व्हर्टर वापरून युनिकोड करा. नंतर डोळ्यांखालून घालाच, जोडाक्षरं आणि रफार हमखास इकडेतिकडे होतात.

झेरॉक्सवाला_देवगड:
भाषा मराठी केली आणि श, ल दोन्ही सुधारले. काकूंनी पास केलं. लेबलं बाहेरच्या प्रेसमध्ये छापायला द्यायची आहेत. त्यांच्याकडे नोटो नसला तर परत रामायण?

खाडीकाठ_वेंगुर्ला:
लिबरऑफिसची ओडीटी फाइल पाठवू नका, पीडीएफ करून द्या. पाठवण्याआधी 'पीडीएफफॉन्ट्स' ही कमांड त्या फाइलवर चालवा, पॉपलर-युटिल्स पॅकेजात मिळते. ईएमबी या रकान्यात प्रत्येक फॉन्टापुढे 'येस' हवं. तसं असेल तर फॉन्ट फाइलच्या आतच आहे, प्रेसच्या मशीनवर काय आहे नि काय नाही याच्याशी देणंघेणं नाही.

झेरॉक्सवाला_देवगड:
सगळीकडे येस आलं. आत्ताच मेल केली. वेंगुर्ल्याहून कधी देवगडाक इलात तर दुकानात या, आगळाची एक बाटली तुमच्या नावाची काढून ठेवतो.