सेटमध्ये ऐकलेला ट्रॅक कोठेच मिळत नाही : सारा लँड्रीच्या नव्या रिलीजविषयी

धानपट्टीचा कीबोर्डवाला (प्रश्न)

नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यात लाखनीजवळच्या एका गावात राहतो. घरची शेती धानाची, आणि लग्नसराईत धुमाल पार्टीत (वरातीपुढे वाजवणाऱ्या पथकात) कीबोर्ड वाजवतो. पुण्यात शिकणाऱ्या चुलतभावाने सारा लँड्री या अमेरिकी डीजेच्या सेटचा, म्हणजे एकामागोमाग ट्रॅक जोडून वाजवलेल्या कार्यक्रमाचा, व्हिडिओ पाठवला, तेव्हापासून तिचे हार्ड टेक्नो (वेगवान, जोरकस ठेक्याचे इलेक्ट्रॉनिक संगीत) रोज ऐकतो आहे. तिचा २०२४ चा ‘स्पिरिच्युअल ड्राइव्हबाय’ हा अल्बम दोनदा ऐकला, त्याच्या आधीचे आणि नंतरचे सुटे ट्रॅकही चाळले. परंतु त्या सेटच्या मध्यावर किक (ठेक्याचा जड ठोका) थांबते, फक्त बाईची कुजबूज उरते आणि मग बेस अंगावर येतो, तो तुकडा मला एकाही ॲपवर सापडला नाही. आवाज ओळखणारे ॲपही ‘काही आढळले नाही’ एवढेच सांगते. माझे शोधण्यात काय चुकते आहे?

उमरेडकर

आपले काहीही चुकत नाही. तो ट्रॅक बहुधा अजून निघालेला नसावा, किंवा तो तिचा नसावा. टेक्नोचे डीजे आपला नवा ट्रॅक आधी गर्दीसमोर वाजवून पाहतात, लोक कोठे ढिले पडतात ते पाहून ब्रेक (ठेका थांबतो ती जागा) आखूड करतात, किक बदलतात, आणि रिलीज त्यानंतर काही महिन्यांनी होते. कधी होतही नाही. सेटच्या याद्यांमध्ये अशा बेनाव ट्रॅकपुढे नुसते ‘आयडी’ लिहिलेले असते. शिवाय सेट म्हणजे एकट्या डीजेची गाणी नव्हेत. लेबले आपले आगामी ट्रॅक ओळखीच्या डीजेंना ‘प्रोमो’ म्हणून आधीच पाठवतात. लँड्रीचे स्वतःचे ‘हेकाटे’ नावाचे लेबल आहे, तेव्हा त्यावरचे इतरांचे रिलीजही पाहावेत.

एक आगाऊ मत देतो. या कलाकारांची पारख अल्बमवरून करू नये. बारा इंची तबकडीवर दोन ते चार ट्रॅक काढायचे, ही या संगीताची जुनी रीत आहे, आणि ते ट्रॅक मुळात दुसऱ्या ट्रॅकला जोडण्यासाठीच बांधलेले असतात. ‘एक्स्टेंडेड’ आवृत्तीच्या दोन्ही टोकांना नुसता ठेका ठेवतात तो त्याचसाठी : मिनिटाला १५० ठोके धरले, तर ६४ ठोक्यांचा तुकडा सव्वीसेक सेकंदांत संपतो, आणि तेवढ्यात पुढचा ट्रॅक आत घ्यायचा असतो. ॲपवर पुष्कळदा छोटी आवृत्तीच असते. म्हणून बँडकॅम्प किंवा बीटपोर्ट या ट्रॅक विकत मिळणाऱ्या संकेतस्थळांवर पाहावे.

साउंडवाला, हिंगणघाट

उमरेडकरांशी सहमत आहे, आणि धुमालवाल्यांना हे नवे वाटू नये. आपणही नवी चाल आधी एखाद्या वरातीत वाजवून पाहतो आणि मंडळी नाचली तरच ती पुढच्या वरातीत ठेवतो. तिचे रेकॉर्डिंग कोणी काढत नाही, एवढाच फरक.

मात्र हे ट्रॅक धुमालच्या गाडीवर लावणार असाल, तर जपून. मोबाईलच्या स्पीकरमधून किकचा फक्त टकटक भाग ऐकू येतो. खालचा ५० हर्ट्झच्या आसपासचा भाग त्यातून निघतच नाही, त्यामुळे ट्रॅक पोकळ वाटतो आणि माणूस आवाज वाढवत जातो. मागील वर्षी मी असाच एक ट्रॅक व्हिडिओवरून उतरवून पूर्ण ताकदीवर सोडला आणि चौथ्या मिनिटाला अठरा इंची बेस स्पीकरची कॉइल जळाली. हार्ड टेक्नोत किकचा आवाज मुद्दाम फाटका केलेला असतो आणि दोन ठोक्यांमध्ये बेस स्पीकरला उसंत मिळत नाही, हे तेव्हा कळले. डब्ल्यूएव्ही (पूर्ण दर्जाची) फाइल विकत घ्यावी, मिक्सरवरचा गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) कमी ठेवावा. आणि रात्री १० नंतर तसेही बंदच करावे लागते.

धानपट्टीचा कीबोर्डवाला

दोघांचेही आभार. व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया शेवटपर्यंत वाचल्या, तेव्हा तो तुकडा दुसऱ्याच एका निर्मात्याचा निघाला. बँडकॅम्पवर तो होता, लहान अक्षरात लिहिलेल्या नावाने, आणि मी डब्ल्यूएव्ही विकत घेतली. काल खळ्यावर पार्टीच्या पोरांसह लावून पाहिला. आवाज निम्माच ठेवला होता, तरी कोपऱ्यातल्या टिनपत्र्याला कंप सुटला. आमच्या ऑक्टोपॅडवाल्याने सहा मिनिटे साथ दिली, मग मनगट चोळत खाली बसला आणि म्हणाला, ‘भाऊ, याच्यात दम घ्यायची जागाच नाही.’ ती कुजबुजीची जागा मी आता कीबोर्डवर बसवतो आहे.