आय३एस की एम५: रोजच्या वापराला कोणती?

रस्ता_मोकळा:
दोन्ही बीएमडब्ल्यूच्याच आणि दोन्ही वापरलेल्या घ्यायच्या विचारात आहे. एक आय३एस, पूर्ण इलेक्ट्रिक, १२० अँपिअर-अवर बॅटरीवाली (१३५ किलोवॉट, २७० न्यूटन-मीटर). दुसरी एफ९० पिढीतली सुरुवातीची एम५ (४.४ लिटर ट्विन-टर्बो व्ही८, ४४१ किलोवॉट म्हणजे ६०० एचपी, ७५० न्यूटन-मीटर). आकड्यांत ही जोडी विजोड आहे, कबूल. पण वापर असा: बहुतेक फेऱ्या शहरातल्या, ६ ते १० किलोमीटरच्या. महिन्यातून एखाद्या वेळी हायवेने २८० किलोमीटर. घरी चार्जिंग करता येईल. गाडी चालवायला मजा यायला हवी, ही अट दोन्हींना सारखीच.
शहरात एम५ची जास्तीची ताकद कितपत हाताला लागते? हायवेला आय३एस रडवते का? आणि घेण्याआधी नेमकं काय तपासायचं?

टॉर्क_कर्व्ह:
पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. ० ते १०० एम५ला ३.४ सेकंद, आय३एसला ६.९. वजनाच्या हिशेबाने पाहिलं तर एम५कडे टनामागे सुमारे २३८ किलोवॉट, आय३एसकडे जेमतेम १०५. पण आय३एस ० ते ६० फक्त ३.७ सेकंदांत गाठते, आणि शहरातला सगळा खेळ त्याच पट्ट्यात चालतो.
त्यातही खरा फरक चालत्या गाडीत कळतो. ३०च्या वेगात शेजारच्या लेनमध्ये जागा दिसली आणि पाय दाबला, तर एम५मध्ये ८ गिअरचा ऑटोमॅटिक खालचा गिअर शोधतो, टर्बो दाब धरतात, आणि मग गाडी तुटून पडते. हे सगळं अर्ध्या-पाऊण सेकंदात होतं, पण तेवढ्यात जागा गेलेली असते. आय३एसला गिअर एकच आणि टॉर्क (चाक फिरवणारा जोर) शून्यापासून हजर, त्यामुळे पाय आणि चाक यांच्यामध्ये काहीच येत नाही. शिवाय लांबी ४ मीटर, वळायला साधारण १० मीटरचा घेर पुरतो. एम५ जवळपास ५ मीटर लांब आणि आरसे सोडून १.९ मीटर रुंद.
८०च्या पुढे मात्र चित्र फिरतं. आय३एस १६०ला अडवलेली आहे. लांब, वळणदार, मोकळ्या रस्त्यावर तिचे अरुंद पुढचे टायर आधी सुटायला लागतात, खराब रस्त्यावर ती आपटतेही. तिथे एम५च्या जवळपासही ती जात नाही.

ऑइल_गरम:
एम५बद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती तुमच्या ६ किलोमीटरच्या फेऱ्यांशी थेट जोडलेली आहे. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) लवकर तापतं, ऑइलला बराच जास्त वेळ लागतो. एम गाड्यांच्या टॅकोमीटरवर (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे, म्हणजे आरपीएम, दाखवणारं मीटर) इशाऱ्याचा पट्टा ऑइलच्या तापमानाप्रमाणे सरकतो: इंजिन थंड असताना तो खालच्या आरपीएमलाच सुरू होतो आणि तापत जाईल तसा वर जातो. शहरातल्या छोट्या फेरीत तो पूर्ण वर जायच्या आत तुम्ही गाडी बंद केलेली असते. म्हणजे ज्या ४४१ किलोवॉटसाठी गाडी घेतली, ते वापरायची परवानगी इंजिन देतच नाही.
आत काय होतं ते महत्त्वाचं. थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं, त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. ज्वलनातलं पाणीही तिथेच साचतं. ऑइल नीट तापलं तर दोन्ही उडून जातात, नाही तापलं तर ऑइल पातळ आणि आम्लधर्मी होत राहतं. त्यात हे डायरेक्ट इंजेक्शन: पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि मागच्या बाजूला कार्बन धरतो.
तरीही घ्यायचीच असेल तर आठवड्यातून एकदा ३०-४० मिनिटं सलग चालवा, आणि ऑइल गाडी सांगेल तेव्हा नव्हे, त्याच्या निम्म्या अंतराला बदला. जोरात चालवून आल्यावर शेवटची काही मिनिटं हळू चालवा, कारण दोन्ही टर्बो सिलिंडरांच्या दोन रांगांच्या, म्हणजे व्हीच्या, मधोमध बसवलेले आहेत आणि उष्णता तिथेच कोंडते. घेताना २,००० किलोमीटरच्या रनिंग-इन सर्व्हिसची (नवी गाडी रुळल्यावरची पहिली सर्व्हिस) नोंद मागा. त्यात इंजिन ऑइलबरोबर डिफरन्शियलचं (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच) ऑइलही बदलतात. ती नोंद नसेल तर मी पुढची गाडी बघेन.

किलोवॉट_तास:
हायवेचा हिशेब. बॅटरी ४२.२ किलोवॉट-तासांची, वापरता येतात ३७.९. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. सपाट रस्ता, वारा नाही, एसी हलका असं धरून माझा अंदाज: ९०ला १०० किलोमीटरमागे साधारण १३ किलोवॉट-तास, १००ला १४.५, १२०ला १९. म्हणजे रेंज अनुक्रमे २९०, २६० आणि २०० किलोमीटर.
तुमचे २८० किलोमीटर १२०ने गेलात तर ५३ किलोवॉट-तास लागतील. तळाला ४ राखले तर वाटेत १९ भरावे लागतात. डीसी चार्जिंग (रस्त्यावरचा जलद चार्जर) ५० किलोवॉटच्या आसपास, म्हणून २५ मिनिटं. एकूण पावणेतीन तास. १००ने गेलात तर वाटेत ७ किलोवॉट-तास पुरे, दहा मिनिटांत काम होतं आणि एकूण वेळ तीन तासांच्या आत. फरक बारा-तेरा मिनिटांचाच! घाई करून फारसं काही पदरात पडत नाही. पाऊस, समोरचा वारा किंवा हीटर असेल तर मात्र आणखी १५-२० टक्के सोडून हिशेब धरा.
एम५ला ह्यातलं काहीच नाही. टाकी ६८ लिटरची, शांत चालवली तर ६०० किलोमीटर. पण १०० किलोमीटरला १०.५ लिटर म्हणजे सुमारे ९३ किलोवॉट-तासांचं पेट्रोल, ते वरच्या १९शेजारी ठेवून बघा.

रस्ता_मोकळा:
ऑइलचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. आता कल आय३एसकडे झुकतोय. ती तपासताना काय बघू?

स्पॅनर_१०:
आधी एसी. आय३मध्ये बॅटरी एसीच्याच गॅसने थंड होते. कॉम्प्रेसर आतून झिजून फुटला की धातूचा चुरा सगळ्या सर्किटमध्ये पसरतो. मग नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. पाइप, व्हॉल्व्ह, कंडेन्सर सगळं उघडावं लागतं आणि खर्च पराकोटीला जातो. एसी पूर्ण थंडवर लावून दहा मिनिटं गाडी उभी ठेवा, गाडीच्या मागच्या बाजूला, मोटरजवळ कान द्या. खरखर किंवा घरघर आली तर सौदा सोडा.
मग ब्रेक. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की मोटरच गाडी थांबवते. ब्रेक पेडल फक्त डिस्कचे ब्रेक लावतं, आणि ते क्वचितच लागतात, त्यामुळे डिस्क गंजतात. चाकाच्या आऱ्यांतून टॉर्च मारून डिस्कच्या दोन्ही बाजू बघा. कडेला गंजाची पट्टी चालेल, पण पॅड घासतो त्या जागी खड्डे नकोत. गाडी तुमची झाली की अधूनमधून रिकाम्या रस्त्यावर न्यूट्रलमध्ये टाकून चार-पाच वेळा ब्रेक दाबा, डिस्क घासून स्वच्छ राहतात. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी.
बॅटरी पूर्ण चार्ज करायला लावा आणि मीटरच्या सर्व्हिस मेनूतला कमाल क्षमतेचा आकडा ३७.९शी ताडून बघा. एकाच दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, तो तापमानाने थोडा हलतो.
टायर शेवटी, पण विसरू नका: पुढे १७५/५५ आर२०, मागे १९५/५० आर२०. हे माप बाकी गाड्यांना सहसा नसतं, निवडीला वाव कमी, आणि पुढचे-मागचे आपसात बदलता येत नाहीत. चारही गुळगुळीत असतील तर तेवढी रक्कम किमतीतून वजा करायला सांगा, आणि टायर मिळतात का ते गाडीचे पैसे देण्याआधी विचारून घ्या.