दिव्यांगांच्या हक्कांचं काम: तुमचा अनुभव लिहा

ओळखीतल्या दोन मुली यंदा समाजकार्याची पदवी घेऊन बाहेर पडल्या. दोघींनाही दिव्यांगांच्या हक्कांसाठी सरकारी यंत्रणेत काम करायचंय. मुंबईत हे काम केलेल्या मंडळींनी लिहा, रोजचा दिवस कसा जातो ते. सुरुवात मी करते.

मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. अपंगत्वाचं प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डाच्या दिवशी मानखुर्द, दहिसरहून माणसं पहाटेच निघून यायची. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन त्यात आले. पण डोळ्यांना न दिसणारं अपंगत्व खिडकीवरच्या माणसाला पटत नसे. "हा तर चालतोय की!" म्हणून थॅलेसेमियाच्या एका मुलाला परत पाठवत होते. मी कायद्याची अनुसूची छापून तिथं लावली आणि त्याच्या आईला घेऊन आत गेले. मुलींनो, तुमचा निम्मा दिवस असाच खिडकीपाशी जाईल. तो वाया गेला असं मात्र समजू नका.

वरळीहून

मी पूर्ण अंध, राज्य शासनात अधिकारी. परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला २० मिनिटं जास्त मिळतात, हे सगळ्यांना माहीत असतं. नोकरी लागल्यावर काय, ते कुणी सांगत नाही. माझ्या टेबलावर फाइल यायची ती स्कॅन केलेली, म्हणजे कागदाचा नुसता फोटो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यावर मुका. जुन्या मराठी फाँटमधलं टिपण असेल तर त्यातून निरर्थक अक्षरं ऐकू यायची. मी लेखी मागणी केली: मजकूर युनिकोडमध्येच हवा. सहकारी कुरकुरले, मग सवय झाली. आता माझ्यानंतर आलेल्या अंध मुलीला पहिल्या दिवसापासून फाइल वाचता येते. याचा मला मनापासून अभिमान आहे. दिव्यांगांसाठी बोलणाऱ्या खुर्चीत दिव्यांग माणूस बसला पाहिजे, हे माझं ठाम मत. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे, त्या जागा भरा म्हणून मागे लागा.

सांकेतिक भाषेची दुभाषी, वांद्रे

रेक्लमेशनच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या संस्थेत शिकले. पोलीस ठाणं, न्यायालय, रुग्णालय, जिथं बोलावतील तिथं जाते. एकदा एका कर्णबधिर बाईंचा जबाब होता. सोबत दीर. अधिकारी प्रश्न विचारत होते दिराला, उत्तरंही तोच देत होता. मी म्हटलं, "साहेब, यांच्याकडे बघून विचारा, मी सांगते." दिराला बाहेर बसवल्यावर बाई जे बोलल्या, ते त्याच्या सांगण्यापेक्षा अगदी वेगळं होतं. काय, ते इथं लिहिणार नाही. बोलू न शकणाऱ्या साक्षीदारासाठी दुभाषी आणि जबाबाचं चित्रीकरण हे कायद्यातच आहे. आठवण करून द्यावी लागते. अशा दिवशी घरी आल्यावर हात दुखतात आणि झोप येत नाही. तरी दुसरं काम नको वाटतं.

मुलुंड

दुभाषी ताई, तुमचं वाचून राहवलं नाही. माझा मुलगा स्वमग्न. तो १८ चा झाला आणि बँकेत पालकत्वाचा कागद मागितला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून तो मिळतो, हे मला दुसऱ्या एका आईनं सांगितलं. आता मी इतरांचे अर्ज भरून देते, सोबत निरामय आरोग्यविम्याचाही, १ लाखापर्यंतचा. आधी मुलाशी बोलते, मग आईवडिलांशी. तो बोलत नसेल तरी.

वकील, व्हीलचेअरवर

पगाराचंही लिहूया. प्रकल्पांमधल्या जागा बहुतेक कंत्राटी असतात, घरभाडं देणाऱ्यांनी हिशेब करूनच यावं. लोकलचा दिव्यांग डबा आहे, पण फलाट आणि डब्यातली फट दर स्थानकाला वेगळी, त्यामुळे सुनावणीला मी तासभर आधी निघतो.

प्रमाणपत्रावर ४० टक्के अपंगत्व नसलेली माणसं हताश होऊन येतात. त्यांना २०२१ चा विकास कुमार खटला सांगा. लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात म्हटलंय. आणि तक्रार लेखीच द्या, पोच घ्या. राज्य दिव्यांग आयुक्तांना समन्स काढायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांच्यापुढे तोंडी तक्रारीचा पुरावा काय दाखवणार?