बाळाचं डोकं एका बाजूने चपटं, हेल्मेट लावावं का? मदत हवी आहे

माझा मुलगा साडेपाच महिन्यांचा आहे आणि त्याचं डोकं मागून उजवीकडे चांगलंच चपटं झालंय, वरून बघितलं तर उजवा कानही जरा पुढे सरकलेला दिसतो. मान सारखी उजवीकडेच वळवायचा, तेव्हा वाटलं सवय असेल, पण डॉक्टर म्हणाले मानेचा स्नायू आखडलाय. दोन महिने फिजिओथेरपी, टमी टाइम (जागं असताना पोटावर ठेवणं), खेळणी मुद्दाम डावीकडे ठेवणं सगळं चालू आहे. मान बरीच मोकळी झाली, डोक्यात मात्र फारसा फरक नाही. कवटीचे सांधे लवकर जुळलेले नाहीत हे डॉक्टरांनी तपासलंय, त्यामुळे ऑपरेशनची भीती नाही.

आता डॉक्टर डोक्याला आकार देणाऱ्या हेल्मेटचं विचारतायत. दिवसाचे २३ तास, काही महिने! वर्षाच्या आत कवटी भराभर वाढते म्हणून ठरवायचं तर आत्ताच, नंतर उपयोग कमी. घरचे म्हणतात आपोआप गोल होईल, केसांत झाकलं जाईल. (झोपवतो पाठीवरच, ते बदलणार नाही.)

कुणी लावलंय का? घामाने पुरळ, झोपमोड किती झाली? आणि न लावता ज्यांनी वाट बघितली त्यांचं काय झालं, तेही प्लीज सांगा.